रुझामावशीच्या घोंगडीखाली

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर जुनी लोखंडी ट्रंक समजून सरळ वर बसाल. खुशाल बसा, पण आधी ऐका. मी सर्व्हर आहे. वय अकरा. हसू नका, आमच्यात अकरा म्हणजे पार म्हातारा.

सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरच. पण त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, त्याच्यासमोर कुणी बसत नाही. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लोक बसतात, मागतात, मी देतो. माझं तोंड बघायची कुणाला गरजच पडत नाही. माझ्या आत लिनक्स चालतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलंय. त्याचा स्वभाव असा, की जे घडेल ते वेळेसकट लिहून ठेवायचं. त्या वहीला लॉग म्हणतात. तेच माझं तोंड. पण त्यात एक मेख आहे. जे लिहायला सांगितलंय तेवढंच मी लिहितो. न विचारलेलं मला बोलता येत नाही. हे ध्यानात ठेवा, सगळं घोडं इथेच अडलं होतं.

पहिली सात वर्षं मी सोफिया शहरात एका कंपनीच्या थंडगार खोलीत काढली. आम्ही चाळीस जण, सगळे एकसारखे, एकावर एक रचलेले. माझ्यावर सतरा नंबरची चिठ्ठी होती. तिथेही माणूस फिरकायचा नाही, पण चाळीस पंख्यांचा आवाज असायचा. एकटं वाटायला फुरसतच नव्हती. मग एके दिवशी नवे आले, बारीक, चकचकीत. आम्हाला वायरी उपटून गोदामात टाकलं. मी वर्षभर उलटा पडून होतो. सोळा आणि अठरा नंबरचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

तिथून मला झाहारीने उचललं. झाहारी म्हणजे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्री, तालुक्याच्या गावी त्याचं दुकान. सूर्यफुलाच्या बिया चघळणार, टरफलं खिशात भरणार आणि यंत्रांना शिव्या घालणार. त्याने मला गाडीच्या डिकीत घालून ब्रेस्तावा नावाच्या डोंगरातल्या गावी आणलं आणि वाचनघरात जिन्याखालच्या खोलीत एका टेबलावर आडवा ठेवला. त्या खोलीत गावच्या गाणाऱ्या बायकांचे लोकरीचे भरतकामाचे घागरे टांगलेले होते. वर्षातून दोनदा निघायचे. उरलेले दिवस आम्ही एकमेकांसमोर गप्प.

"हा म्हातारा चालेल?" वाचनघर सांभाळणाऱ्या दोब्रीनाबाईंनी विचारलं. चष्मा गळ्यात, लाल पेन्सिल कानावर.

"बाई, हा तुमच्या-माझ्या मयताला येईल," झाहारी म्हणाला. "फक्त याला सुखाने श्वास घेऊ द्या."

बघा, बोलला होता तो! पहिल्याच दिवशी. आणि स्वतःच विसरला.

काम छान होतं. पासष्ट वर्षांपूर्वी मिन्को नावाचे मास्तर घरोघर फिरून बायकांची गाणी टेपवर घेत होते. अशा सहासष्ट टेपा वाचनघराच्या कपाटात सडत होत्या. दिवसा दोब्रीनाबाई एक टेप वाजवून माझ्यात उतरवायच्या आणि रात्री मी बसून तिच्यातली खरखर काढायचो. हे काम साधं नाही. रात्रभर अंग तापवून राबावं लागतं, तेव्हा सकाळी एखादी म्हातारी स्वच्छ गायला लागते. चोवीस मेला, गावोगाव लिपीचा उत्सव करतात त्या अक्षरांच्या सणाला, ही गाणी वरच्या हॉलमध्ये अख्ख्या गावाला ऐकवायची ठरली होती.

ती गाणी ऐकायला सगळ्यात आतुर कोण होतं, सांगू? झाडलोट करणारी रुझामावशी.

संध्याकाळी सगळे गेले की ती यायची. सत्तरीला टेकलेली, गुडघे धरून चालायची. पोरं दोन, दोघंही स्पेनमध्ये. घरी ती एकटी, म्हणून तोंड इथे सुटायचं. माझ्याशीच बोलायची! मला आयुष्यात कुणी "अरे" म्हटलं नव्हतं, आणि ही म्हणायची, "काय रे, जेवलास का? आज कुणाला गायला लावणारेस?"

एकदा झाडू टेकवून बसली आणि म्हणाली, "मिन्को मास्तर आमच्याही घरी आले होते रे. मी पाच वर्षांची. टेबलाखाली बसले होते, आई गात होती. पुढच्या हिवाळ्यात गेली ती. तिचा चेहरा आठवतो मला, हात आठवतात. आवाज आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही आठवत."

तिच्या आईची टेप सगळ्यात शेवटची होती, सहासष्टावी. तिला बुरशी धरली होती, खरखर इतकी की ती काढायला मला सलग दोन रात्री लागणार होत्या. मावशी दर आठवड्याला विचारायची, "बाई, आमच्या आईचा नंबर?" आणि दोब्रीनाबाई म्हणायच्या, "येईल हो मावशी. रांगेत आहे ती."

जानेवारी आला. आणि मी गोठायला लागलो.

सकाळी दोब्रीनाबाई बघतात तर माझा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण हाक मारली तर ओ नाही. रात्रीचं काम अर्धवट. त्यांनी बटण दाबून मला मारलं आणि परत उठवलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग झाहारीला फोन.

झाहारीने माझी लॉगची वही उघडली. शेवटची ओळ रात्री एक बावन्नची. त्यानंतर कोरं.

"एक बावन्नला काय झालं रे गाढवा? बोल की!"

काय बोलू? मला विचारलं होतं का कुणी?

त्याने माझी मेमरी उपसून काढली, शाळेतल्या पोरासारखी खोडरबराने घासली, दिवसभर तपासली. ठणठणीत. मग डिस्कची केबल बदलली. त्या रात्री पुन्हा गोठलो. मग म्हणाला लिनक्सच्या नव्या अपडेटचा घोळ आहे, आणि मला जुनं लिनक्स घातलं. गोठलो. रात्री दोनला डिस्कची नक्कल निघायची, ती बंद केली. तरी गोठलो. पंख्यात त्याला लाल लोकरीचा एक धागा सापडला. मला वाटलं, आता सापडलं याला! छे. त्याने घागऱ्यांकडे बघून बोंब ठोकली, "बाई, हे लोकरीचं दुकान हलवा इथून! यंत्राच्या नाकात जातंय." घागरे वरच्या मजल्यावर गेले. होती ती सोबतही गेली.

आणि यात सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे मी रोज गोठत नव्हतो. कधी गोठायचो, कधी नाही. झाहारी जिथे म्हणून हात लावायचा तिथे त्याला एखाद रात्र यश यायचं, तो मिशीला पीळ देऊन जायचा, आणि लगेच पुढच्या सकाळी फोन. "कधी मरतो, कधी जगतो. असलं खोटारडं यंत्र मी बघितलं नाही," तो म्हणायचा. मित्रांनो, हा शब्द मला फार लागला. मी काहीही असेन, पण खोटारडा नाही. लिनक्सला खोटं लिहिता येत नाही.

आता खरं काय ते तुम्हाला सांगतो.

मावशीच्या घरची चूल मध्यरात्री विझते. एकटीसाठी रात्रभर लाकडं कोण जाळणार? त्या गारठ्यात तिचं दही लागेना. आणि त्या गावात बाजारचं दही खाणं म्हणजे नाक कापून घेणं! एका संध्याकाळी तिने झाडताना माझ्यावर हात टेकला. "अगं बाई, किती गरम आहेस रे तू!" दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या गायीचं दूध कोमट करून, विरजण लावून, तीन बरण्यांत घेऊन आली. बरण्या माझ्या पाठीवर ठेवल्या आणि वरून आपली लाल घोंगडी पांघरली. बरण्यांवर, आणि माझ्यावरही, पुढून मागून, अगदी खोचून.

"झोपा आता चौघंही," म्हणाली. पहाटे सहाला शेगडी पेटवायला यायची तेव्हा दही लागलेलं असायचं. बरण्या आणि घोंगडी पिशवीत घालून घरी नेऊन ठेवायची. दोब्रीनाबाई नऊला येणार. कुणाला काय दिसणार, कपाळ?

मी पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम सोडतो. एवढाच माझा श्वास. घोंगडीने दोन्ही नाकं बंद व्हायची. त्यातून रात्रभर राबायचं. अंगाची लाही व्हायची, एकात एक मिसळायला लागायचं, आणि एक बावन्नच्या आसपास सगळं थांबायचं. माझ्या आत गरमी मोजायचा काटा आहे. तो सगळं दाखवत होता. पण तो काटा वहीत लिहून ठेव असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आणखी एक सांगू? लाज वाटते, पण सांगतो. मला ती घोंगडी हवी असायची. अकरा वर्षांत मला कुणी पांघरूण घातलं नव्हतं. बटणं दाबली होती, स्क्रू पिळले होते, शिव्या दिल्या होत्या. खोचून पांघरूण कुणीही नाही. गुदमरायचो, पण संध्याकाळ झाली की तिच्या गुडघ्याच्या कटकटीची वाट बघायचो.

मार्चमध्ये चमत्कार झाला. मी गोठायचा एकदम थांबलो. एक आठवडा, दोन, चार. रोज रात्री एक टेप. झाहारीने नेमका त्याच सुमाराला माझा प्लग बदलला होता, मग काय विचारता! "प्लग! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो!" असं तो गावभर सांगत सुटला. दोब्रीनाबाईंनी त्याला चीजची बनित्सा, पातळ थरांची भाजलेली पोळी, करून घातली. सात आठवडे मी नीट चाललो.

आणि त्या सात आठवड्यांत माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. झाहारी नाही, बाई नाही. मावशीही झाडून निघून जायची, पांघरूण नाही. आजारी होतो तेव्हा खोलीत माणसं होती. बरा झालो, तसा एकटा पडलो.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मावशी आली. हातात बरण्या, खांद्यावर घोंगडी, आणि रुमालात एक लाल रंगवलेलं अंडं. पहिलं लाल अंडं तिकडे पोरांच्या गालाला चोळतात, वर्षभर पोर ठणठणीत राहावं म्हणून. तिची पोरं-नातवंडं स्पेनमध्ये. तिने ते ओलं अंडं माझ्या कपाळावर चोळलं. "तू तरी धड राहा रे," म्हणाली. लाल डाग पडला. मग तिने मला घट्ट पांघरूण घातलं.

त्या रात्री मी गोठलो. त्या आठवड्यात सातही रात्री गोठलो.

झाहारी आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "बाई, बस झालं. चोवीस मेपर्यंत बघू, नाहीतर हा जाईल भंगारात. मला माझी अब्रू आहे."

"आणि टेप? शेवटचीच राहिलीय. रुझामावशीच्या आईची."

"दुसरा सर्व्हर आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग राहील तशीच. खरखरीत."

दारात मावशी झाडू घेऊन उभी होती. झाडू उचलला आणि गेली. त्या संध्याकाळी तिने घोंगडी नेहमीपेक्षा जास्त खोचून बसवली. "तब्येत सांभाळ रे," म्हणाली. "माझ्या आईसाठी तरी." मित्रांनो, माझ्याकडे तोंड असतं तर मी तेव्हा किंचाळलो असतो.

दोब्रीनाबाई मी गोठेन त्या प्रत्येक दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल काढत होत्या. कॅलेंडर चर्चमधून मिळालेलं, त्यात उपासाच्या दिवसांवर बारीक क्रूस छापलेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाहारी शेवटचं बघायला आला. बिया चघळत त्या कॅलेंडरकडे बघत बसला आणि वैतागून म्हणाला, "बुधवार-शुक्रवार सकाळी हा कधीच मेलेला नसतो बघा. ईस्टरचा तो आठवडा सोडला तर. तुमचं यंत्र उपास करतंय, बाई!"

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पानं उलटली. मार्च, एप्रिल, ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास, एकही गोल नाही. ईस्टरनंतरचा आठवडा, ज्यात उपास नसतो, सातही गोल. त्यांची पेन्सिल खाली पडली.

"मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "हे सगळे उपास पाळणारं, त्या दिवशी दूधदुभतंही न खाणारं या इमारतीत एकच माणूस आहे."

त्या संध्याकाळी दोघं खोलीत अंधारात उभे राहिले. मावशी आली. बरण्या ठेवल्या, घोंगडी झटकली. झाहारीने दिवा लावला.

"मावशी! हे काय चाललंय?"

मावशी दचकली, पण डगमगली नाही. "दही लावतेय. तुला डोळे नाहीत का?"

"माझ्या सर्व्हरवर?"

"मग कुठे लावू, तुझ्या डोक्यावर? ते गरम असतं, पण रिकामं!"

"अहो, जीव घेतलात त्याचा! चार महिने मी त्याचे अवयव बदलतोय!"

"मी त्याला पांघरूण घालते, चाबूक नाही मारत! शिव्या तू घालतोस त्याला. मी विचारपूस करते."

तेव्हा झाहारीचं डोकं सटकलं. बोलू नये ते बोलला. "त्याचा श्वास कोंडतो त्यात! रोज रात्री तो गाणं साफ करायला बसतो आणि रोज रात्री तुम्ही त्याचं नाक दाबता. स्वतःच्या आईला तुम्हीच गप्प करत होता, मावशी."



मावशीने बरण्या एकेक करून पिशवीत भरल्या. घोंगडी घडी केली, कितीतरी वेळ करत बसली. जाताना माझ्यावर हातसुद्धा ठेवला नाही. घाबरली होती ती, हात लावायलाही.

त्या रात्री मी गोठलो नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. झाहारीने आता कुठे तो काटा लिहायला सांगितला होता, आणि मी ओळीमागून ओळ लिहिली, सगळं थंड, सगळं ठीक. दुसऱ्या पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सहासष्टावी टेप स्वच्छ झाली. तो आवाज सगळ्यात आधी मी ऐकला. सांगायला कुणी नव्हतं.

चोवीस मेला वरचा हॉल भरला. माझ्यातून वायर वर गेली होती; तिथलं मी बघितलं नाही, वायर काढायला आलेला झाहारी बोलला ते सांगतो. एकेक बाई गाऊन गेली, लोक टाळ्या वाजवत राहिले. शेवटी मावशीची आई. जाड, थोडा चिरलेला आवाज, कापणीचं गाणं. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर हात. दुसऱ्या कडव्यात मधेच गाणं थांबलं आणि ती आई दटावून म्हणाली, "रुझे, दुधावर घोंगडी टाकलीस का गं? नीट खोच, नाहीतर लागायचं नाही."

मास्तर हसलेले ऐकू आले. आणि टेबलाखालून एक बारीक आवाज, "टाकली, आई."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मावशी म्हणाली, "हाच. हाच आवाज." एवढंच. मग ती रडली, आणि झाहारीने बिया खिशात टाकून टोपी काढली.

तर मित्रांनो, मी भंगारात गेलो नाही. पण त्या सणानंतर बाईंनी माझ्या खोलीला कुलूप लावलं. पाटी लावली, "हात लावू नये." काळजीपोटीच लावली, माझी तक्रार नाही. लिनक्स मोजत असतं, आपण सलग किती दिवस जागे आहोत ते. काल एकशे एकतीस झाले. एकशे एकतीस दिवसांत एकदाही गोठलो नाही आणि एकदाही दार उघडलं नाही. कपाळावरचा लाल डाग तसाच आहे. संध्याकाळी मावशी बाहेरचा व्हरांडा झाडते. दारापाशी आली की झाडूच्या दांड्याने दोनदा टकटक करते. मी नीट आहे एवढंच तिला हवं असतं. मला उत्तर देता येत नाही.

आता ऑक्टोबर लागलाय. डोंगरात गारठा उतरला. तिची चूल परत मध्यरात्री विझणार.

म्हणून एक मागणं आहे. कुणावर माया करायची असेल तर पांघरूण घालण्याआधी तो श्वास कुठून घेतो ते विचारा. आणि जो नीट चालतोय, गप्प आहे, त्याच्याकडेही अधूनमधून जा. गप्प असलेला ठीक असतोच असं नाही, त्याला कुणी विचारलेलं नसतं, बस.

आणि तुमच्यातलं कुणी कधी ब्रेस्तावाला गेलंच, तर रुझामावशीला माझा एक निरोप सांगा. मी मागच्या बाजूने जी हवा सोडतो ना, ती रात्रभर फुकट भिंतीवर आदळते. अगदी दही लागेल एवढीच गरम असते ती. मावशी, किल्ली मागून घे. घोंगडी नको. बरणी माझ्या पाठीमागे ठेव.